सीएमएल आहे आणि सांधे धरलेत, तर आधी कुणाकडे जावं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): माझं वय ४८. चार वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर, सीएमएल, निघाला. तेव्हापासून इमॅटिनिब ४०० ची गोळी रोज रात्री जेवणानंतर घेते. शेवटचा पीसीआर (रक्तात रोग किती उरला ते सांगणारी तपासणी) ०.०६ टक्के आला. गेल्या आठ महिन्यांपासून दोन्ही मनगटं, हातांची बोटं आणि गुडघे भयंकर दुखतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. गावातले डॉक्टर सुई देतात, दोन दिवस बरं वाटतं. हाडांचे डॉक्टर म्हणतात, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. ते म्हणतात, तुमचा रिपोर्ट चांगला आहे, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जाऊबाईंनी एका वैद्याकडून पुड्या आणून दिल्या, त्यांनी दोन महिने खूपच आराम पडला. मग मला वाटलं, कॅन्सरच्या गोळीनंच सांधे बिघडले असतील. म्हणून तीन आठवड्यांपासून ती बंद ठेवली आहे, तर दुखणं उलट वाढलं. पुड्या चालू आहेत, पण आता त्यांचाही गुण येईना. काय करू? – सांगली जिल्ह्यातून एक भगिनी

उत्तर:

ताई, आठ महिन्यांत तुम्हाला सुया, पुड्या आणि चिठ्ठ्या सगळं मिळालं, पण हे दुखणं नक्की कशाचं आहे ते कुणी शोधलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय सांध्यांवरचा नवा इलाज सुरू करू नका; तोवर दुखण्यावर काय घ्यायचं ते पुढे सांगतो. पण त्याआधी दोन कामं उद्याच्या उद्या करायची आहेत. एक, रक्तविकाराच्या ओपीडीत, म्हणजे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे, फोन करून किंवा समक्ष जाऊन गोळी तीन आठवडे बंद असल्याचं सांगायचं. दोन, पुड्यांबद्दलही तिथेच सांगायचं, आणि त्या एकदम बंद करायच्या नाहीत. याचं कारण पुढे येईलच.

पुढच्यापैकी काही दिसलं तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. एकच सांधा अचानक सुजून गरम झाला, हात लावू देईना आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होते. तिथे सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासतात. ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी काढलेलं बरं, कारण औषधाचे दोन डोस गेल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं. अंगात स्टेरॉइड असेल तर ताप दबून राहतो, त्यामुळे ‘ताप नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा अंगावर काळेनिळे डाग उठून सांधा फुगला, तरी त्याच दिवशी दाखवायचं. सांध्यांऐवजी लांब हाडं किंवा छातीचं मधलं हाड ठणकत असेल, रात्री घामानं कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल, डाव्या बरगडीखाली जड वाटत असेल, तर दोन दिवसांच्या आत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. सीएमएल हाताबाहेर जायला लागल्याची ती खूण असू शकते.

बंद केलेल्या गोळीबद्दल

तुमचा ०.०६ टक्के हा आकडा चांगला आहे. ०.१ च्या आत असणं म्हणजे रोग उत्तम आटोक्यात. पण गोळी थांबवून बघण्याइतका तो खोल गेलेला नाही. तज्ज्ञ गोळी थांबवण्याचा विचार करतात तेव्हा पीसीआर ०.०१ टक्के किंवा त्याहून खाली, तोही निदान दोन वर्षं टिकलेला असावा लागतो. गोळी कमीत कमी तीन वर्षं चाललेली असावी लागते, बरेच जण पाच म्हणतात. बंद केल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर करावा लागतो. इतकं सगळं जुळवूनही निम्म्याच्या आसपास रुग्णांत रोग पुन्हा डोकं वर काढतो, आणि तो बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच.

गोळी थांबवल्यावर दुखणं वाढलं याचं तुम्हाला नवल वाटलं, पण ही गोष्ट रक्तविकारतज्ज्ञांच्या ओळखीची आहे. इमॅटिनिब किंवा त्या जातीची गोळी थांबवल्यावर साधारण चौघांपैकी एकाला, काही पाहण्यांत तिघांपैकी एकाला, पुढच्या काही आठवड्यांत खांदे, मान, कंबर, मनगटं, गुडघे दुखायला लागतात. आधी काही दुखत नव्हतं अशांनाही हे होतं. गोळी परत सुरू झाली की बहुधा ते ओसरतं. म्हणून ‘बंद करून बघू, फरक पडतो का’ ही परीक्षा सीएमएलमध्ये फसवी आहे. दुखणं वाढलं म्हणून गोळी निर्दोष ठरत नाही, आणि थांबलं असतं तरी ती दोषी ठरली नसती, कारण मध्ये पुडीही चालूच होती.

डॉक्टर बहुधा सीबीसी बघून तीच ४०० ची गोळी पुन्हा सुरू करायला सांगतील. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. पोटभर जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, नाहीतर मळमळ आणि जळजळ होते. पीसीआर नेहमीच्याच प्रयोगशाळेत करा. प्रयोगशाळा बदलली की आकडे थेट ताडून बघता येत नाहीत, आणि उगाच धास्ती तरी बसते किंवा खोटा दिलासा तरी मिळतो.

पुडीत काय असू शकतं

सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं, कधी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही. आधी जादूसारखा आराम, मग हळूहळू गुण कमी, हा तुमचा अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळतो. चेहरा गोल झालाय का, वजन वाढलंय का, कातडी पातळ होऊन पटकन निळी पडते का, साखर किंवा रक्तदाब वाढलाय का, हे बघा.

स्टेरॉइड काही आठवड्यांहून जास्त घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. अशा वेळी पुडी एकदम सोडली तर गळून जाणं, उलट्या, चक्कर, रक्तदाब पडणं, साखर उतरणं असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही ‘फेकून द्या’ म्हणत नाही. उरलेल्या पुड्या तशाच डॉक्टरांकडे न्या. ते सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल तपासतील आणि गरज वाटली तर मोजून-मापून प्रेडनिसोलोन देऊन ते टप्प्याटप्प्यानं उतरवतील. तोवर उलट्या, जुलाब, ताप किंवा अपघात झाला तर तातडीच्या विभागात ‘दोन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइडचा संशय असलेली पुडी चालू आहे’ हे वाक्य सगळ्यात आधी सांगायचं.

रक्तविकारतज्ज्ञांना हे कळणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. स्टेरॉइडनं पांढऱ्या पेशी वाढतात. गोळी बंद, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि पुडीचा पत्ता नाही, असा रिपोर्ट हातात पडला तर रोग उलटला अशी शंका कुणालाही येईल. शिवाय डेक्सामेथासोन जास्त दिवस अंगात राहिलं तर यकृतात इमॅटिनिबचा निचरा वेगानं होतो आणि गोळी नियमित घेऊनही रक्तात कमी पडते. गावातल्या डॉक्टरांच्या सुईतही डेक्सामेथासोन असण्याची शक्यता बरीच आहे. सुईचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

आयुर्वेदाचं रीतसर औषध चालू करायचं असेल तरी आधी विचारा. गुग्गुळाच्या कल्पांमुळे काही औषधांची रक्तातली पातळी घटते असं दिसलं आहे. भस्मांमध्ये शिसं किंवा पारा निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि शिशानं हिमोग्लोबिन उतरतं. स्वयंपाकातली हळद बिनधास्त खा, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा, कारण त्यांनी उलट गोळीची पातळी चढू शकते. जळवा लावणं, तुंबडी, डाग देणं, जोरजोरात चोळून घेणं, हाडवैद्याकडून सांधा ओढून घेणं हे सगळं रक्ताचा आजार असलेल्या माणसाला वर्ज्य समजा.

मग दुखतंय कशानं?

इमॅटिनिबनं दुखतं हे खरं आहे. पण त्याची ठेवण ठरलेली असते. पोटऱ्यांत, तळपायांत, बोटांत गोळे येतात, जास्त करून रात्री. स्नायू आणि हाडं दुखतात, डोळ्यांभोवती आणि घोट्यांवर सूज येते. हे सहसा पहिल्या काही महिन्यांत सुरू होतं. काही जणांच्या रक्तातलं फॉस्फरस या गोळीनं उतरतं, त्यानंही हाडं दुखतात, आणि ही साधी तपासणी राहून जाते. तीन वर्षं गोळी निमूट सोसली आणि मग अचानक दोन्ही हातांचे लहान सांधे धरले, सकाळी तासभर मूठ वळेना, हे चित्र गोळीच्या दुष्परिणामापेक्षा दाहक संधिवाताकडे, म्हणजे आमवाताकडे जास्त झुकतं. आमचा पहिला संशय तिथे आहे. कॅन्सर असलेल्या माणसाला दुसरे आजार होत नाहीत असं थोडंच आहे! पण फाइलीवर ‘ल्युकेमिया’ लिहिलेलं असलं की बाकीचे डॉक्टर हात आखडता घेतात, आणि रक्तविकाराच्या ओपीडीत पीसीआर चांगला म्हटल्यावर पुढच्या रुग्णाचा नंबर लागतो. तुमची फरफट त्यातूनच झाली आहे.

इतरही शक्यता तपासून वगळाव्या लागतील. आठ महिन्यांपूर्वी सुरुवात ताप आणि पुरळानं झाली होती का? चिकुनगुनियानंतर नेमके हेच सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. पायाचा अंगठा किंवा घोटा रात्रीतून लालबुंद होऊन आठवड्यानं आपोआप उतरत असेल तर युरिक आम्लाचा गाऊट. दिवसभर काम केल्यावर गुडघे दुखतात, बसल्यावर बरं वाटतं आणि सकाळचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो, अशी तऱ्हा असेल तर झिजेचा संधिवात. तुमच्या गुडघ्यांत तो आमवाताच्या जोडीनं असूही शकतो. जांघेत दुखून पाय आत वळवता येत नसेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आहे का हे एमआरआयवर बघावं लागतं. स्टेरॉइड घेतलेल्यांत हे होतं आणि सुरुवातीच्या साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. महिनोन्‌महिने एकच सांधा सुजलेला असेल तर आपल्या देशात क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. त्यात एक गुंतागुंत आहे. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिननं इमॅटिनिबची रक्तातली पातळी जवळजवळ तीन चतुर्थांशानं घटते. त्यामुळे तो उपचार रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू होता कामा नये.

तपासण्या एकाच वेळच्या रक्तात होतात: पूर्ण सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (या दोन्ही अंगातला दाह दाखवतात), क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, युरिक आम्ल, कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व, टीएसएच, सीपीके, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (या दोन्ही आमवाताच्या), आणि ब व क काविळीच्या तपासण्या. काविळीचं नाव इथे बघून चकित होऊ नका. ‘ब’च्या विषाणूनं सांधे दुखतात, आणि तो अंगात झोपलेला असेल तर इमॅटिनिब, स्टेरॉइड किंवा आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटनं जागा होऊ शकतो. दोन्ही हातांचा एक्स-रे एकाच फिल्मवर, गुडघ्यांचा मात्र उभं राहून काढायचा. आडवं झोपून काढला तर सांध्यातली फट खरी असते त्यापेक्षा मोठी दिसते. पुडीतल्या स्टेरॉइडनं सीआरपी आणि ईएसआर खाली आलेले असू शकतात. म्हणून ते नॉर्मल आले तरी ‘संधिवात नाही’ असा निकाल कुणी दिला तर अँटी-सीसीपीचं काय आलं ते विचारा. ती तपासणी सहसा अशी दबत नाही. तरी आमवाताच्या काही रुग्णांत तीही निगेटिव्ह येते, त्यामुळे सांध्यांना बोटांनी दाबून बघणारा डॉक्टर कुठल्याही कागदापेक्षा महत्त्वाचा.

तो डॉक्टर म्हणजे संधिवाततज्ज्ञ, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे शल्यचिकित्सक नव्हेत. त्यांची गरज गुडघा बदलायचा असेल किंवा खुबा खराब झाला असेल तेव्हा. जिल्ह्याच्या गावी संधिवाततज्ज्ञ नसतील तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा. मिरजेचं महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. तिथून वरच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते.

दुखणं तोवर कसं सोसायचं?

सोसायचं नाही, पण औषध निवडून घ्यायचं. पहिलं औषध पॅरासिटामॉल. ५०० ची गोळी, सहा-सहा तासांनी, दिवसात चारपर्यंत. इमॅटिनिबचा आणि पॅरासिटामॉलचा भार एकाच यकृतावर पडतो, म्हणून चोवीस तासांत २ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं आणि सलग घ्यायची वेळ आली तर यकृताची तपासणी करून घ्यायची. गफलत कुठे होते? सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, ॲसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम असतं, ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही असतं. चार वेगवेगळ्या नावांखाली एकच औषध पोटात जातं. पाकिटामागचं बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्या. आणि गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, नाहीतर ताप झाकला जाईल.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि इमॅटिनिबनं आधीच येणारी सूज वाढवतात. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर या गोळ्याही नकोत आणि कमरेत सुईही नको, स्नायूत रक्त साकळतं. ५० हजार ते १ लाखाच्या मध्ये फक्त रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं. १ लाखाच्या वर असतील, क्रिएटिनिन आणि रक्तदाब ठीक असेल, तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देऊ शकतात. निमेसुलाइड मात्र घेऊ नका, यकृताला ते बाधतं. लावायचं डायक्लोफेनॅक जेल पोटातल्या गोळीपेक्षा खूप सुरक्षित, कारण रक्तात फार थोडं उतरतं. एक टक्क्याचं जेल एका गुडघ्याला ४ ग्रॅम, हाताच्या सांध्यांना २ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. कातडी फुटलेली नसावी, आणि वरून गरम शेक नको.

तुमच्यासारख्याच पण सीएमएलच्या वेगळ्या गोळीवर असलेल्या वाचकांसाठी इथे एक सांगणं भाग आहे. आपल्याकडे वेदनाशामकाबरोबर पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल लिहून देण्याची पद्धतच पडली आहे. इमॅटिनिबला त्यानं फरक पडत नाही. पण डॅसॅटिनिब, निलोटिनिब किंवा बोसुटिनिब चालू असेल तर आम्ल कमी झाल्यानं ती गोळी नीट शोषलीच जात नाही. महिनाभर गुडघेदुखीचा इलाज करता करता सीएमएलचा उपचार पातळ होतो, आणि पीसीआर का चढला ते कुणालाच उमगत नाही. डॅसॅटिनिबवर असलेल्यांनी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांपासून आणखी लांब राहावं, कारण त्या गोळीनंही प्लेटलेट मंदावतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. निलोटिनिबबरोबर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारी औषधं टाळावी लागतात. आमवातातलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन त्यातच येतं, ते द्यायचं झालं तर आधी ईसीजी.

पॅरासिटामॉल पुरत नसेल तर ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. इमॅटिनिबमुळे त्याचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो. गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, फिट येण्याचा इतिहास असेल तर ते नकोच. गाऊट निघाला तर कोल्चिसिनचा डोस नेहमीपेक्षा कमी लागतो, कारण इमॅटिनिबमुळे ते अंगात साठतं आणि जुलाब, स्नायूंची कमजोरी असे त्रास होतात. सांध्यात थेट स्टेरॉइडची सुई हा एक-दोन सांध्यांसाठी चांगला उपाय आहे. मात्र आधी संसर्ग नाही ना आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर आहेत ना हे बघून, वर्षातून मोजक्याच वेळा.

आमवातच ठरला तर बहुधा मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा विचार होईल. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा बसते, आणि रक्ताच्या रुग्णाला ते कुणापेक्षाही महागात पडेल. आठवड्याचा वार ठरवा, कॅलेंडरवर लाल गोल करा, फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, यकृत आणि क्रिएटिनिन. हे औषध आणि इमॅटिनिब एकत्र देताना पेशी उतरल्या तर दोष कुणाचा हे ठरवणं अवघड असतं. म्हणून दोन्ही औषधांचे डोस एकाच आठवड्यात बदलू नयेत असा आग्रह तुम्हीच धरा.

आणि खरोखर इमॅटिनिबच कारण निघालं तर? तेव्हा मार्ग आहेत. फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्व भरून काढणं, डोस थोडा उतरवून पीसीआरवर लक्ष ठेवणं, किंवा गोळी बदलणं. दुसऱ्या गोळ्यांचे त्रास वेगळे असतात. डॅसॅटिनिबनं छातीत पाणी होऊ शकतं, निलोटिनिबनं साखर आणि रक्तवाहिन्यांचे त्रास वाढू शकतात, तेही दिवसातून दोनदा उपाशीपोटी घ्यायचं असतं. म्हणून बदल करायचा तो गोळीचा दोष पक्का झाल्यावरच.

घरात

सकाळी ताठरलेल्या हातांना कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटं बुडवून मूठ हळूहळू उघड-बंद करा. सुजलेल्या, गरम सांध्याला मात्र फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. भाकरी काही दिवस पोळपाटावर लाटा किंवा घरात दुसऱ्या कुणाला थापू दे. पिळण्याची कामं, विशेषतः ओली चादर, अजिबात नकोत. गुडघ्यासाठी पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती पाच ते दहा सेकंद खाली दाबून धरायची. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे तिची मूठ यायला हवी. बहुतेक जण चुकून दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. शौचासाठी भोक असलेली खुर्ची भारतीय भांड्यावर ठेवता येते, तेवढ्यानंही गुडघ्याला मोठा आराम पडतो.

दोन डॉक्टरांमधला कागद

तुमच्या दोन्ही डॉक्टरांची गाठ पडणार नाही, त्यामुळे त्यांच्यातलं बोलणं कागदावर करून घ्यावं लागेल. वहीच्या एका पानावर, मुलांकडून लिहून घेतलंत तरी चालेल, असं मांडा:

‘सीएमएल, निदानाचं वर्ष. इमॅटिनिब ४००, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद, अमुक तारखेला पुन्हा सुरू. शेवटचे तीन पीसीआर, तारखांसह. आजचं हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, एसजीपीटी. दुखणारे सांधे: दोन्ही मनगटं, बोटं, गुडघे. आठ महिने. सकाळचा ताठरपणा एक तास. घेतलेली औषधं: सुया (नावं), पुड्या दोन महिन्यांहून जास्त, स्टेरॉइडचा संशय.’

त्याखाली रक्तविकारतज्ज्ञांसाठी तीन प्रश्न लिहा: यांना वेदनाशामक गोळी चालेल का, किती दिवस? सांध्यात सुई किंवा शस्त्रक्रिया करायला हरकत आहे का? मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांपैकी काय चालेल? उत्तरं त्याच पानावर, सही-शिक्क्यासह मागा. ‘आधी त्यांना विचारा’ असं कुणी म्हटलं की हे पान पुढे करायचं. संधिवाततज्ज्ञांनी लिहिलेलं प्रत्येक नवं औषध त्याच पानावर चढवा आणि पुढच्या पीसीआरच्या वेळी परत दाखवा. गुडघा बदलण्याची वेळ कधी आलीच, तर सीएमएल आटोक्यात आणि पेशी ठीक असताना तीही शस्त्रक्रिया होते. त्या आधी किती दिवस गोळी थांबवायची की चालूच ठेवायची, हा प्रश्नही याच पानावरून विचारायचा.

खर्चाचं बघायचं तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर शिधापत्रिका आणि आधार दाखवून तुमच्या उपचारातलं काय बसतं ते विचारा. ओपीडीतल्या तपासण्या बऱ्याचदा योजनेत बसत नाहीत. म्हणून त्या सरकारी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करणं स्वस्त पडेल. अँटी-सीसीपी तिथे होत नसेल तर तेवढीच एक बाहेरून करा, सगळं पॅकेज घेऊ नका. जाताना पुड्या, सुयांच्या चिठ्ठ्या आणि इमॅटिनिबची रिकामी पाकिटं एका पिशवीत घाला. शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली होती ते पाकिटं मोजून पक्कं करा.